मालनचे आठ महिने

रत्नागिरी, मांडवी
ता. १० ऑक्टोबर १९२६

काशीराम,

सगुणाचं पत्र आमच्या घरी येऊ नये, असं सात वर्षांपूर्वी तू कळवलं होतंस. ते मी पाळलं. हे पत्रही घरी पाठवलेलं नाही, लालबागच्या खोलीवर पाठवते आहे. कार्ड खोलीतले दहाजण वाचतात, म्हणून पाकीट घेतलं. एकटा असताना वाच.

मालन माझ्याकडे आहे. आईचा निरोप तुला आधीच पोचला असेल, आणि त्यात मी तिला पळवली असंही असेल. झालं ते असं. परवाच्या मंगळवारी शेजारच्या वाडीतल्या एका अडलेल्या बाळंतिणीसाठी मला बोलावणं आलं. मूल आणि आई दोघं सुखरूप झाल्यावर, इतक्या जवळ आलेच आहे तर लांबून घर बघून जावं म्हणून मी वळले. अंगणात आई होती. मी सगळ्या जातींची बाळंतपणं करते म्हणून तिने मला पडवीच्या पायरीवरच थांबवलं. मला त्याचं काही वाटलं नाही, सवय झाली आहे. मागल्या बाजूला गोठ्याच्या भिंतीला टेकून कुणीतरी बसलेलं दिसलं. आधी मी ओळखलंच नाही. केसांच्या जटा झाल्या होत्या आणि कपाळाला तीन-तीन अंगारे. देवऋषी तीनदा येऊन गेला म्हणे. तिसऱ्या वेळी मिरच्यांची धुरी दिली, त्यामुळे डोळे अजून सुजलेले होते.

मी जवळ गेले तर तिने मला ओळखलं. म्हणाली, "वन्सं, मला बरं नाही." सहा महिन्यांत तिने स्वतःहून कुणाला सांगितलेलं हे पहिलं वाक्य असावं. आई मागून म्हणाली, "तिला काय झालाय? ताप नाय, खोकला नाय. कामाचा कंटाळा, दुसरा काय."

मी बैलगाडी बोलावली. आई आडवी आली नाही, पण हौसाला सोडायला तयार झाली नाही. चार वर्षांची पोर आजीचा पदर धरून उभी होती. आपली आई जाते आहे तरी रडली नाही, आणि मालननेही मागे वळून पाहिलं नाही. गाडीत बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पोरीला जवळ घेतलं तरी मला काहीच वाटत नाही, वन्सं. दगड घेतल्यासारखं वाटतं. मी कसली आई?"

इथे डॉक्टर परकार म्हणून आहेत. पूर्वी वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला होते, आता पेन्शनीत निघून घरीच रोगी बघतात. त्यांनी तिला तासभर तपासलं. कधीपासून, झोप किती, पहाटे जाग येते का, भूक कशी, असं एकेक शांतपणे विचारलं. मग मला म्हणाले, "बाई, हे वेड नाही आणि सोंगही नाही. हा खिन्नतेचा आजार आहे. तिचं शहाणपण शाबूत आहे, म्हणून तर तिला इतका त्रास होतो. इस्पितळात ठेवायची गरज नाही. तुमच्याकडे ठेवा, मी सांगतो तसं करा."

सोंग हा शब्द मी मुद्दाम लिहिला. गणपतीला आला होतास तेव्हा तो तू चारचौघांत वापरलास, हे मला मालनने नाही, आईने सांगितलं, आणि कौतुकाने सांगितलं.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. फक्त तिच्याबद्दल काही ठरवायचं असेल तर घाई करू नकोस.

सगुणा


रत्नागिरी
ता. २ नोव्हेंबर १९२६

काशीराम,

तुझं कार्ड पोचलं. दोनच ओळी आहेत. पहिली, 'किती दिवस लागतील ते कळवावे.' मी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, "दिवसांत मोजू नका, महिन्यांत मोजा. सहा लागतील, कदाचित वर्ष. आधी झोप येईल, मग भूक, मग हातापायांत हालचाल. मन सगळ्यात शेवटी येतं. रोगी बरा दिसायला लागला की घरच्यांना वाटतं झालं, आणि तिथेच सगळे चुकतात."

झोप आली आहे. पहिले पंधरा दिवस त्यांनी रोज संध्याकाळी एक डोस दिला. बाटली त्यांच्याकडेच असते, मी रोज जाऊन एका वेळेपुरतं घेऊन येते. आता डोस निम्म्यावर आणला आहे. पहाटे तीनला उठून बसायची, ती आता पाचपर्यंत निजते. खाणं अजून नाही. भाताचे चार घास गिळते, ते माझ्याकडे बघून. मी समोर बसले नाही तर ताट तसंच राहतं. म्हणून मी दवाखान्यातली पाळी बदलून घेतली आणि दोन्ही वेळा घरी जेवायला येते.

डॉक्टरांनी काम सांगितलं आहे, पण ओझं नाही. सकाळी उठून तोंड धुणं, वेणी घालणं, समुद्रापर्यंत चालत जाऊन येणं, बस. पहिल्या दिवशी वेणी घालायला तिला सबंध सकाळ लागली. कंगवा हातात धरून बसून राहिली. मी घालून दिली असती तर पाच मिनिटांत झाली असती. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही घालू नका. बसून राहणं मला जड गेलं. हातात काम असलं की मला सुचतं, नुसतं बसायला मी कधी शिकले नाही.

आमच्या शेजारी ठमाबाई म्हणून मासे विकणारी आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "बाय, तुज्या वयनीला झपाटलाय काय?" मी म्हटलं, आजारी आहे. तेव्हापासून ती बाजारातून येताना चार बांगडे ठेवून जाते आणि दारातूनच मालनशी गप्पा मारते. मालन उत्तर देत नाही. ठमाबाईला उत्तराची गरजही नसते.

दुसऱ्या ओळीत तू लिहिलं आहेस की खोलीतले लोक चेष्टा करतात, बायको वेडी झाली म्हणतात. त्यांना सांग, आजारी आहे. हा शब्द वापरून बघ. पहिल्यांदा तोंडात अवघड वाटेल.

सगुणा


रत्नागिरी
ता. २० डिसेंबर १९२६

काशीराम,

मालनची प्रकृती सुधारत आहे. आता ती पोटभर जेवते. समुद्रावर एकटी जाऊन येते. गेल्या आठवड्यात केसांना तेल लावून न्हायली. घरातलं पाणी तीच भरते. जात्यावर नाचणी दळते. डॉक्टर समाधानी आहेत.

मी आठ दिवस रजेवर होते, अंगात कसर होती. आता ठीक आहे.

हौसाला थंडीचं काही अंगावर आहे का, हे आईला विचारून कळव. मी पाठवलेलं झबलं आईने परत पाठवलं.

सगुणा


रत्नागिरी
ता. १५ जानेवारी १९२७

काशीराम,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. माझ्या अंगात कसर नव्हती, आणि मालन समुद्रावर एकटी जात नव्हती. मी रजा घेतली ती मालनला एकटी सोडायची नाही म्हणून.

तुझं कार्ड आलं, 'सुधारली असल्यास गावी धाडावी, आई एकटीने थकली.' ते वाचल्यावर मला कळलं, की चांगलं तेवढंच लिहीत राहिले तर त्याची किंमत मालन देईल. म्हणून आज सगळं सांगते.

डिसेंबरच्या आठ तारखेची गोष्ट. दुपारची वेळ, मी दवाखान्यात होते. ठमाबाई धावत आली. टोपली कुठे टाकून आली होती कोण जाणे. म्हणाली, "बाय, तुजी वयनी बावीवर बसलीय. मी हाक मारली तर बघत नाय. आणि घागर नाय नेली तिने." पाण्याला जाणारी बाई घागर नेत नाही, एवढ्यावरून ठमाबाईला कळलं. मला, दोन महिने तिच्या उशाशी बसलेल्या सुइणीला, कळलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा ती कठड्यावर बसलेली होती. ठमाबाईची सून तिचा हात धरून बसली होती. मी दुसऱ्या बाजूला बसले. मालनच म्हणाली, "तुम्हाला पाळी बदलावी लागते माझ्यापायी. तिकडे आई पोरीला बघतात. मी नसले तर सगळ्यांचं सुटेल." ती रडत नव्हती. हिशेब समजावून सांगावा तशी बोलत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी म्हटलं, "माझं सुटणार नाही, मालन. मला आयुष्यभर लागेल." मग ती घरी चल म्हटल्यावर उठली.

डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की हातापायांत बळ येतं आणि मन अजून तिथेच असतं, तो काळ सांभाळायचा. मी ऐकलं होतं, पण ती पाणी भरायला लागली याच आनंदात राहिले. ते मला रागावले नाहीत. म्हणाले, "आता ती जे मनात येतं ते तुम्हाला सांगते आहे, हे धरून ठेवा. रोज विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, हे मी पंचवीस वर्षं पाहिलं आहे." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी विचारते, आज तसं वाटलं का. ती खरं सांगते. कधी हो, कधी थोडं. गेले बारा दिवस नाही म्हणते आहे.

तेव्हा तिला गावी धाडणार नाही. आई थकली असेल हे खरं आहे, ती पासष्टीची आहे. पण मालन मोकळी झालेली नाही आणि तिला कामाला जुंपायची वेळ आलेली नाही.

हे पत्र वाचून तुला वाईट वाटावं अशी माझी इच्छा आहे, हे लपवत नाही. पण तू तिथे एकटा आहेस, तर एवढंही लिहिते, की तिला हा आजार तुझ्या एका शब्दाने झालेला नाही. मी डॉक्टरांना तसं विचारलं होतं, रागारागाने. ते नाही म्हणाले. शब्दाने आजार होत नाही, फक्त आजारी माणूस अधिक एकटा पडतो.

सगुणा


रत्नागिरी
ता. ६ मार्च १९२७

काशीराम,

वाडीतला सदू काल बाजाराला आला होता. त्याच्याकडून कळलं, की आईने तुझ्यासाठी मुलगी पाहिली आहे आणि वैशाखातला मुहूर्त धरायचा म्हणते. तू होकार कळवला आहेस असंही तो म्हणाला. दोन महिने तुझं कार्ड का नाही, ते समजलं.

आपल्यात दुसरी करायला कुणी अडवत नाही हे मला माहीत आहे. पंच तुझ्या बाजूने बोलतील. पहिलीला वेड लागलं, मग दुसरी नको काय, असं म्हणून हसतीलही.

मी तुझ्याकडे एक मागते. श्रावणापर्यंत थांब. डॉक्टरांनी जी वर्षाची मुदत सांगितली ती तेव्हा पुरी होत येईल. तिच्या तब्येतीत फरक किती आहे, ते इथे येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मग काय करायचं ते कर. ती आता ठमाबाईशी बोलते. परवा ठमाबाई कुणाची तरी नक्कल करत होती, तर मालन हसली, आणि हसल्यावर स्वतःच दचकली.

तुझ्या लग्नाचं तिला मी सांगितलेलं नाही. सदूलाही बजावलं आहे.

सगुणा


रत्नागिरी
ता. २७ मार्च १९२७

काशीराम,

तिला कळलं. सदूने सांगितलं नाही, मीच सांगितलं. रोज संध्याकाळी तिला खरं विचारायचं आणि स्वतः मात्र लपवून ठेवायचं, हे मला पंधरा दिवसांपलीकडे जमलं नाही.

ती दळत होती. मी सांगून टाकलं आणि विहिरीच्या बाजूचं दार लावून घेतलं, इतकी मी घाबरले होते. ती थोडा वेळ दळत राहिली. मग जात्याचा खुंटा सोडून म्हणाली, "मला विचारलं का कुणी?" मी म्हटलं, नाही. "मी मेले असं धरून चाललेत काय सगळे?" आवाज चढलेला होता. "सहा महिने मी रोज सकाळी उठायचं म्हणून उठतेय. तिकडे कुणाला ठाऊक आहे, वेणी घालायला काय पडतं ते? नि हे बाशिंग बांधायला निघाले." असं बरंच बोलली. तुला आणि आईला जे बोलली त्यातलं सगळं लिहीत नाही. नाचणी घरभर सांडली होती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले, आता पुन्हा डोस वाढवावा का विचारायला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "राग आला म्हणता? स्वतःवर नाही, दुसऱ्यावर?" मी हो म्हटलं. "मग बाई, ऑक्टोबरपासून तुम्ही मला आणलेली ही सगळ्यात चांगली बातमी आहे."

शिमगा झाल्यावर ती म्हणाली, मला हौसाला आणायला जायचंय. आम्ही हातखंब्यापर्यंत मोटारीने गेलो, पुढे चालत. मी पायरीवर थांबले, ती पडवीत गेली.

आई म्हणाली, "आता नांदायला आलीस?"

"नाही. पोरीला न्यायला आलेय."

"पोर तुला वळखीत पण नाय."

ते खरं होतं. हौसा आजीच्या मागे लपली, आणि मालनने हात पुढे केला तर रडायला लागली. मला वाटलं, आता ही पुन्हा कोसळणार. मालनने हात मागे घेतला. पडवीत सुपात कुळीथ पडले होते, ते घेऊन निवडायला बसली. पोरीकडे बघितलंही नाही. आई आत-बाहेर करत होती, भांडी जोरजोरात ठेवत होती. सकाळची दुपार झाली. आईने मला पायरीवर पाणी आणून दिलं. सात वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातचं पाणी प्यायले.

ऊन कललं तेव्हा हौसा हळूच येऊन सुपाच्या पलीकडे बसली. मालन खडा काढून बाजूला ठेवायची, तसा तिनेही एक काढला. मालन म्हणाली, "हा खडा नाही गो, हा कुळीथच आहे, काळा आहे जरा." पोरीने तो परत सुपात टाकला. बराच वेळ दोघी निवडत होत्या. सूप संपल्यावर हौसा तिच्या मांडीला टेकली, आणि टेकूनच झोपली.

आई दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "ने जा. सकाळी उठल्या उठल्या पेज लागते तिला. मीठ कमी घाल." आणि आत गेली.

परतताना मालनने पोरीला सगळी वाट कडेवर घेतलं, मला घेऊ दिलं नाही. मी विचारलं, "आता काय वाटतं?" म्हणाली, "जड वाटतंय. पण दगडासारखं नाही. पोरीसारखं जड वाटतंय."

सगुणा


रत्नागिरी
ता. १९ एप्रिल १९२७

काशीराम,

तुझं पाकीट मिळालं. चार पानं लिहिलीस, कुणाकडून लिहवून न घेता स्वतःच्या हाताने. मी दोनदा वाचलं. मुलीच्या बापाला नकार कळवलास हे वाचून बरं वाटलं. आईने त्यावर काय म्हटलं ते तू लिहिलेलं नाहीस, मीही विचारत नाही.

पहिल्या तीन पानांचं उत्तर मालन देईल, तिला योग्य वाटेल तेव्हा. मी तिला वाचून दाखवली. तिने ऐकली आणि पाकीट आपल्या ट्रंकेत ठेवलं.

चौथ्या पानावर तू विचारलं आहेस, की ती पुरती बरी झाल्याची खात्री डॉक्टर देतील का, पुन्हा असं होणार नाही ना. मी त्यांना विचारलं. ते नाही देणार. बरीच माणसं पुन्हा आजारी पडत नाहीत, काही पडतात, असं ते म्हणतात. आणि मी तर आजवर एकाही बाळंतिणीची खात्री घरच्यांना दिलेली नाही. इतकंच सांगते, की आता पुन्हा तसं झालं तर काय करायचं ते आपल्याला ठाऊक आहे. गेल्या चैत्रात कुणालाच नव्हतं.

तिचा निरोप आहे, तो तिच्याच शब्दांत लिहिते. "मी गावी राहणार नाही. आईंवर माझा राग नाही, पण त्या घरात मला ते दिवस आठवतात. मला आणि हौसाला मुंबईला न्यायचं असेल तर वेगळी खोली बघा, लहान असली तरी चालेल. ते जमणार नसेल तर पंचांसमोर काडीमोड द्या, मी वन्सांकडे राहीन. पण अर्धवट ठेवू नका. आणि आलात तर मला 'बरी झालीस का' असं विचारू नका. रोज वेगळं असतं."

हे सांगताना ती पोळ्या लाटत होती. शेवटचं वाक्य दोनदा लिहायला सांगितलं, म्हणून तळाशी पुन्हा लिहिते. रोज वेगळं असतं.

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत काय ते ठरव.

सगुणा


रत्नागिरी
ता. ३० मे १९२७

काशीराम,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड आलं. परळची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून पिंपळ दिसतो, हे वाचून बरं वाटलं. मालनने त्यात आपल्या हाताने नाव लिहिलं आहे. अक्षर वाकडं आहे, पण मी इथे शिकवलं त्याहून बरं आहे.

औषधाचं पुन्हा लिहिते, कारण तू दोघींना न्यायला आलास तेव्हा निघायच्या गडबडीत अर्धंच ऐकलंस. डॉक्टरांनी दिलेलं शक्तीचं औषध दिवाळीपर्यंत चालू ठेवायचं, ती ठणठणीत दिसली तरी. सकाळचं चालणं सोडायचं नाही. मुंबईला समुद्र लांब असेल तर रस्त्याने चालू दे, तू बरोबर जा. पहाटे लवकर जाग यायला लागली, जेवण टाकायला लागली, असं आठ दिवस सलग झालं तर मला तार कर. घाबरून जाऊ नकोस, आणि वाट बघतही बसू नकोस. संध्याकाळी विचारत जा. काय विचारायचं ते तुला माहीत आहे. तुला तो प्रश्न तोंडातून काढायला कठीण जाईल. मलाही जायचा.

तुम्ही गेल्यावर ठमाबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या मते मी मालनला उगाच जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी बांगडे घेऊन आली, चार आणले होते, मग दोन परत घेऊन गेली. मी आता एकाच वेळेला घरी जेवते, दुसऱ्या वेळेला दवाखान्यातच काहीतरी खाते. घरी आलं की दारातून कुणी विचारत नाही, "वन्सं, आज कुणाकडे काय झालं, मुलगा की मुलगी?" शेवटचे दोन महिने ती रोज विचारायची. मी तिला बरी करते आहे असं मी सगळ्यांना सांगत होते. ते खरं आहे. पण सात वर्षांत माझी वाट बघणारं माणूस या खोलीत तेवढेच दिवस होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता एक राहिलं. बंदरावर पडावात चढायच्या आधी तू माझ्या पाया पडलास आणि खाली वाकूनच काहीतरी बोललास. हमालांचा गोंगाट चालला होता, मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि हौसाचं झबलं सारखं करत राहिले. मला ऐकू आलं होतं. सगळं आलं होतं, माफी मागितलीस ते, आणि लहानपणी मला म्हणायचास तसं बाय म्हणालास तेही.

तिथेच उत्तर द्यायला हवं होतं. मी रोज बायकांना सांगते, दुखतंय तर दुखतंय म्हणा, आणि मला स्वतःला चारचौघांत बोलता आलं नाही. नवरा मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. दवाखान्यात शिकायला गेले नसते तर आईच्या पडवीत म्हातारी झाले असते. तू तेव्हा अठरा वर्षांचा होतास, लोक काय म्हणतील याने तू घाबरलास. हे मला कळतं. आधीही कळत होतं, पण राग धरून राहणं सोपं पडायचं.

राग आता फारसा उरलेला नाही. थोडा आहे, तो राहू दे.

श्रावण संपला की तुम्ही तिघं गावी जाल. मालन तिथे चार दिवसांच्या वर राहायला नको म्हणते, पण गणपतीला जाईन म्हणते, आणि आईने हौसासाठी खण घेऊन ठेवला आहे असं सदू सांगत होता. मी सात वर्षांत गावचा गणपती पाहिलेला नाही. कुणी नको म्हटलं होतं म्हणून नाही. नको म्हणायचीसुद्धा वेळ कुणावर येऊ नये, म्हणून मी कधी विचारलंच नाही.

तुला विचारते. यंदा मी घरी येऊ का?

तुझी बाय